चला, लकडी पूल ओलांडू

बॅगेचे पट्टे ओढून घ्या, चपलेचा अंगठा तपासा आणि मोबाइल बंद करून खिशात टाका. पुढे जिथे जायचंय तिथे रेंज नाही. चप्पल तुटली तर शिवून द्यायला माणूस भेटेल, पण तो पैसे कवड्यांत मागेल.

तुम्ही आत्ता पुण्यात आहात, अलका टॉकीजच्या चौकात. सकाळचे साडेनऊ वाजलेत. तुमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं. घाटावरचं चिखली-मेहकर असो की घाटाखालचं नांदुरा-मलकापूर, इथे त्याने काही फरक पडत नाही. इथे तुम्ही सगळे ‘तिकडचे’. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत एक खुर्ची, सदाशिव पेठेत एक कॉट, दोन वेळची मेस आणि डोक्यावर राज्यसेवेचा अभ्यासक्रम, एवढा तुमचा संसार. समोरचा पूल तुमच्या रोजच्या पायाखालचा. अलीकडे पेठा, पलीकडे डेक्कन, खाली मुठा. दुचाकींच्या या शहरात वर्षानुवर्षं दुचाकींना बंदी राहिलेला हा पूल, त्यामुळे चालणाऱ्याला इथे थोडा तरी मान आहे. आज त्या मानाचा फायदा घेऊ.

निघण्याआधी तीन नियम. एक, मागच्या काळातल्या कोणालाही पुढे काय होणार ते सांगायचं नाही. दोन, मी सांगेपर्यंत चहा मागायचा नाही. तीन, काल घरून आलेल्या डब्यातल्या शेगावच्या दोन कचोऱ्या बॅगेतून बाहेर काढायच्या नाहीत. कळलं ना? काऊन हसून राहिले? चाला.

डावा पाय पुलावर ठेवा. डोळे मिटा. उजवा उचला.

आधी हॉर्न बंद होतात. मग डिझेलचा वास जातो आणि त्याच्या जागी एकदम तीन वास येतात: ताज्या कापलेल्या लाकडाचा, गोवऱ्यांच्या धुराचा आणि नदीचा. हो, नदीला वास आहे, पण तो नुसता ओल्या वाळूचा.

उघडा डोळे. १७६१ चा उन्हाळा संपत आलाय. ऊन मानेवर बसतंय. घाटाखालचे असाल तर म्हणाल, हे काय ऊन आहे, मलकापूरला या. पायाखाली फळ्या आहेत आणि दोन फळ्यांच्या फटीतून खालचं पाणी दिसतं. बैलगाडी आली की सगळा पूल कुरकुरतो. तुम्ही घाबरून कठडा धरता आणि लाकडाची ढलपी तळहातात शिरते. दाताने ओढून काढा. धनुर्वाताचं इंजेक्शन परत गेल्यावर घेऊ.

पलीकडे बघा. वैशाली हॉटेल नाही, रूपाली नाही, फर्ग्युसन रस्ता नाही. शेतं आहेत, झाडी आहे आणि भांबुर्डे नावाचं गाव आहे. अलीकडच्या तीरावर वाडे, देवळं, धुणं बडवल्याचा आवाज, घोड्यांच्या लिदीवर घोंगावणाऱ्या माश्या. कापसाच्या हंगामात खामगावच्या बाजारात गाड्यांची जी दाटी व्हायची, तशी दाटी पुलाच्या तोंडाशी झालीय. हेल्याच्या पाठीवर पखाल लादलेला भिस्ती माणसांतून वाट काढतोय. त्याची पखाल तुमच्या कमरेला घासते आणि टी-शर्ट ओला होतो. बरं वाटतं.

तुमच्या टी-शर्टकडे लोक बघतील असं वाटलं होतं ना? ते तुमच्या डोक्याकडे बघतात. या काळात पुरुष उघड्या डोक्याने बाहेर पडला म्हणजे तो सुतकात आहे. पण कोणी तोंड वाकडं करत नाही, कोणी काही विचारत नाही. या उन्हाळ्यात पुण्यात उघडी डोकी फार आहेत.

संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर जे झालं त्याची बातमी केव्हाच आली. मोत्यांच्या आणि मोहरांच्या भाषेत कोणी कोणाला काय लिहिलं, ते ज्याच्या त्याच्या तोंडी झालंय. माणसं मात्र अजून येताहेत. पायी, जमेल तशी, दोघं-चौघं. लोक सांगतात की नानासाहेब पेशव्यांनी हा पूल त्यांच्यासाठीच घातला. नेहमीच्या वेशीतून यायचं म्हणजे वाजंत्री, ओवाळणी, बघायला दुतर्फा गर्दी. हरून आलेल्या माणसाला ते सोसवायचं नाही. त्याला नदीवरून गुपचूप घरी जाता यावं, म्हणून ही बाजूची वाट. कागद दाखवा म्हणणारा पुणेकर तुम्हाला याही काळात भेटेल. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला पुष्कळ वेळ आहे.

गुपचूप मात्र कोणी जात नाही, कारण पुलाच्या या टोकाला बायका उभ्या आहेत. नऊवारीचा पदर डोक्यावरून ओढून घेतलेला, कपाळावर कुंकू ठसठशीत, नेहमीपेक्षा मोठंच. आलेल्या प्रत्येक माणसाला त्या विचारतात: कोणाच्या पागेतले? अमक्याच्या पथकातले का? उंच होते, डाव्या भुवईवर व्रण होता, पाहिलंत का? तो माणूस मान हलवतो आणि चालू लागतो. बाई लगेच त्याच्या मागच्या माणसाकडे वळते. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपताहून परतल्यात, पण नवरा गेला हे त्यांनी मानलेलं नाही. त्या शेवटपर्यंत मानणार नाहीत, कुंकू लावतच राहतील. तुम्हाला हे माहीत आहे. पहिला नियम आठवा आणि गप्प बसा.

तुमच्या शेजारी एक बारगीर कठड्याला टेकून खाली बसतो. त्याच्या अंगाला घामाचा, घोड्याचा आणि जुन्या जखमेवर बांधलेल्या पाल्याचा मिळून एक वास येतोय. टाचा फुटून त्यात माती भरलीय. तो तुमच्याकडे बघून विचारतो, “कोण गावचे?” तुम्ही म्हणता, “वऱ्हाडातले.” तो मान डोलावतो. वऱ्हाड त्याला माहीत आहे. “लांबून आलात,” तो म्हणतो. दिल्लीपलीकडून चालत आलेला माणूस तुम्हाला हे सांगतोय. तुमचा हात बॅगेच्या चेनकडे जातो. नको. तिसरा नियम. त्याला खायला नको आहेच, त्याला पाणी हवंय.

चला, त्याला हौदावर नेऊ. उतारावरून पेठेत शिरा. भिंतींना हात लावत चाला, म्हणजे सावलीत राहाल. या हौदातलं पाणी नदीचं नाही. नानासाहेबांनीच काही वर्षांपूर्वी कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या दगडी नळांनी ते शहरात आणलंय. ओंजळ भरा. दगडाचा गारवा त्यात उतरलेला आहे. बारगीर पोटभर पितो, उरलेलं तोंडावर मारतो आणि पहिल्यांदाच डोळे मिटतो. ज्यांनी हे पाणी आणलं ते पेशवे आत्ता तिकडे पर्वतीवर खचून पडलेत. मुलगा आणि चुलतभाऊ गमावलेला तो माणूस जूनचा महिनाही पुरा करणार नाही. हा हौद तेवढा लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आणि आता तुमचं डोकं दुखायला लागलंय. सकाळपासून चहा नाही. इथे तो मिळणार नाही; राजाकडेही नाही. पुलावर परत चला.

या खेपेला उजवा पाय आधी.

कुरकुर थांबली. लाकडी पूल पुराने मोडला, आणि १८४० च्या दशकात इंग्रजी अमदानीत त्याच्या जागी दगडी उभा राहिला. नाव पूर्वीचंच राहिलं. पुण्यात नाव बदलायला पुरापेक्षा मोठं काहीतरी लागतं. आपण उतरलोय १९०१ च्या सुमाराला. टांग्यांच्या घुंगरांचा आवाज, चाबकाचा फटका, चाकांखाली खडीचा चुरा. धूळ इतकी की दोन मिनिटांत दातांखाली करकरते. पगडी, उपरणं, पायात जोडा अशी माणसं रेंगाळत चाललीत, आणि त्यांच्यातून पुस्तकं काखेत मारलेले पोरगे पळताहेत. फर्ग्युसन कॉलेज शहरातून उठून नदीपलीकडे टेकडीच्या पायथ्याशी गेल्याला काही वर्षं झालीत. घंटा चुकली की काय होतं हे त्या पोरांना ठाऊक आहे. तुमच्यासारखेच आहेत; त्यांच्यातही कोणी कोकणातला, कोणी खानदेशातला, आणि वऱ्हाडातला एखादा असेलच. खोलीचं भाडं आणि खानावळीतली आमटी, याच दोन तक्रारी त्यांच्याही.

पेठांमधून फिनेलचा उग्र वास येतोय. प्लेगची वर्षं आहेत. गेल्या हंगामात कुलूप लागलेले काही वाडे अजून उघडलेले नाहीत. उंबऱ्यावर रांगोळी नाही म्हणजे काय, हे आता लहान पोरांनाही कळतं. गावाबाहेर झोपड्यांत राहून लोक पुन्हा घरी येताहेत, पुन्हा जाताहेत. डोक्यावर वळकट्या, हातात पितळी कळशी, बगलेत देवांची पेटी. हा पूल त्यांनाही दोन्ही वेळा लागतो.

बाजूला व्हा, बैलगाडी येतेय. गाडीत एक पोत्याचं ओझं आणि त्याला टेकून बसलेली एक मुलगी. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. अंगावर आलवण, केस काढलेले, नजर गाडीच्या फळीवर. तिला कोणीतरी हिंगण्याला नेतंय. तिथे माळावर अण्णा कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढलाय. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे, मूळ मुरूडचे हे प्राध्यापक. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन दिली, तिथे झोपडी उभी राहिली. अण्णा रोज चालत जातात-येतात, पावसाळ्यात घोटाभर चिखल तुडवत, बहुतेकदा पाठीवर किंवा हातात आश्रमाचं काहीबाही सामान घेऊन. टांगा परवडत नाही असं नाही. त्या पैशांत आश्रमाला आणखी काहीतरी घेता येतं, हे गणित त्यांना फार चांगलं येतं.

गाडी दाटीत अडकते. मुलगी मान वर करते आणि तुमच्या बॅगेकडे बघते. “शिकायला आलात?” तुम्ही हो म्हणता. “कुठून?” वऱ्हाडातून. रेल्वेनं किती तास लागतात, ती विचारते. तुम्ही काहीतरी सांगता. ती हिशेब करते आणि म्हणते, “मला परसदारापासून ओटीपर्यंत यायला दोन वर्षं लागली.” बैल पुढे सरकतात. पुलाच्या त्या टोकापासून हिंगण्याकडे जो रस्ता जातो, त्याला पुढे कर्वे रस्ता म्हणतील आणि त्याच्यावर तुम्ही बस चुकवाल. पण ते तिला सांगायचं नाही.

चहा? आता मिळेल, पण जपून. दहाबारा वर्षांपूर्वी याच शहरात पंचहौद मिशनमध्ये काही मोठ्या माणसांपुढे चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसती पुढ्यात ठेवली, पण गावभर गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानड्यांपासून टिळकांपर्यंत नावं त्यात आली, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तावर शास्त्रार्थ झडले. तेव्हा तुम्ही चहा घेतलात तर चव कशी आहे हे कोणी विचारणार नाही. कोणाच्या हातचा घेतला ते विचारतील. एवढं डोकं दुखत असेल तर थोडं थांबा, पुढच्या फेरीत सोय आहे.

डोळे मिटा. घुंगरं थांबली आणि घंट्या सुरू झाल्या.

सायकली! १९५० च्या दशकातली कोणतीही सकाळ घ्या. पूल सायकलींनी भरलाय. कारकून, शिक्षक, दूधवाले, दोन वेण्या घातलेल्या कॉलेजच्या मुली, पुढच्या दांडीवर पोरगं आणि मागच्या कॅरिअरवर डबा घेतलेले बाप. साखळीच्या तेलाचा वास, ब्रेकचं किंचाळणं, ‘ओ काका, हात तरी दाखवा’. चालणारा मधे आला तर त्याला शिव्या नाहीत, उपदेश मिळतो, आणि तो शिव्यांपेक्षा जास्त वेळ टिकतो.

संध्याकाळी गंमत बघा. सायकलला दिवा लागतो, नाहीतर पोलीस धरतो. तो रॉकेलचा इवलासा दिवा पुलावरच्या वाऱ्यात हमखास विझतो. मग स्वार काय करतो? चौकाच्या अलीकडे उतरतो, पोलिसाच्या समोरून सायकल हातात धरून सज्जनपणे चालत जातो आणि चार पावलांवर पुन्हा टांग टाकतो. डबलसीटवाले तर उतरण्यात इतके तयार झालेत की मागच्याच्या पायाचा आवाजही येत नाही. पोलिसालाही सगळं दिसतं. रोज तोच खेळ.

आता नियम क्रमांक दोन उठवला. डेक्कनला गुडलक आहे, १९३५ पासूनचं इराणी. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, कपाच्या काठावर साय. बन-मस्का सांगा, चहात बुडवा, आणि बोलू नका. दोनशे वर्षांचं डोकं आहे, उतरायला वेळ लागेल. पैसे जुन्या आण्यांत की नव्या पैशांत द्यायचे, यावर गल्ल्यावर घोटाळा झालाच तर बाकीच्या गिऱ्हाइकांना विचारू नका. ते सगळे सांगतील.

झालं? आता पुढची फेरी अवघड आहे. चप्पल पुन्हा तपासा, आणि मी पळा म्हणालो की मागे न बघता पळायचं.

१२ जुलै १९६१, बुधवार. पहिला पूल झाला त्याला यंदा दोनशे वर्षं. आभाळ खाली आलंय, कित्येक दिवस पाऊस थांबलेला नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी आलीय, घराघरात ओल्या सुताचा वास. पुलावर छत्र्याच छत्र्या. पुण्याचा रिवाज आहे, नदी फुगली की पूर बघायला लकडी पुलावर यायचं. पोरं खांद्यावर बसलीत, आजोबा मागच्या पुरांच्या खुणा दाखवताहेत, कोणीतरी भाजक्या शेंगा खातंय. पाणी लाल आहे आणि कमानींत घुसताना घुमतंय.

तिकडे पानशेतला नव्या, अजून पुऱ्या न झालेल्या धरणाचा बांध रात्रीपासून खचत होता. जवान अंधारात आणि पावसात वाळूची पोती रचत होते. त्यांनी ते धरण वाचवलं नाही, पण फुटणं रात्रीवरून सकाळवर ढकललं. शहर झोपेत असताना पाणी आलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा आणि त्या पोत्यांना मनातल्या मनात हात जोडा.

आवाज बदलला. ऐकलं? घुमणं थांबलं, कारण कमानी भरल्या. पुलावरची सगळी छत्री-मंडळी एकाच क्षणी गप्प झाली. मग पेठेच्या बाजूने सायकलवर एक माणूस ओरडत आला, “धरण फुटलं! पळा!” पळा!

वर, चढाकडे. कोणी चपला टाकून पळतंय, कोणी उलटं घराकडे पळतंय कारण आई आत आहे. मागे पाण्याचा आवाज माणसांच्या आवाजावर चढतो. उंच जागा मिळाली की वळून बघा. पूल नाही. जिथे आत्ता शेंगा खात उभे होतात तिथून लाल पाणी वाहतंय, आणि त्यावरून गवताच्या गंजी, दारं, पाळणा, ट्रंका, म्हशी, रॉकेलचे डबे. एक कपाट उभंच्या उभं तरंगत जातं. रॉकेल आणि चिखल यांचा वास घशात बसतो. मग पहिला वाडा बसतो. मातीच्या भिंतींनी पाणी पिऊन घेतलेलं असतं. आधी कौलं खडखडतात, मग तुळई मोडते आणि भर पावसात धुळीचा लोट उठतो. त्यानंतर दुसरा. दुपारी खडकवासल्याचंही धरण गेल्याची बातमी येते आणि ओसरेल असं वाटणारं पाणी पुन्हा चढतं. नारायण पेठ, शनिवार, कसबा, पलीकडे डेक्कन. शहरातले बहुतेक पूल बुडाले. शेकडो माणसं गेली.

तुमच्या शेजारी गच्चीवर एक पाच-सहा वर्षांचा मुलगा बसलाय. चड्डी ओली, दात वाजताहेत. त्याची आई पलीकडच्या छपरावर आहे, तिथून हात हलवतेय, पण इकडे येता येत नाही. तो रडत नाही. मधूनच विचारतो, “काका, आज शाळा आहे का?” तुमचा हात बॅगेकडे जातो. तिसरा नियम? राहू द्या. द्या त्याला. दोन्ही द्या. शेगावची कचोरी आयुष्यात पहिल्यांदा, तीही थंड आणि मऊ पडलेली, आणि तो ती दोन्ही हातांनी धरून खातो. मिरची लागल्यावर नाक ओढतो, पण सोडत नाही. संध्याकाळी पाणी उतरायला लागल्यावर त्याची आई चिखलातून येते, त्याला घट्ट धरते आणि मग तुमच्याकडे बघून विचारते, “तुमचं इथे कोणी आहे का हो?” तिचं घर गेलंय, आणि विचारपूस ती तुमची करतेय.

रात्री वीज नाही. कंदिलाच्या उजेडात गुडघाभर गाळ, त्यात फुगून फुटलेलं धान्य, भिजलेल्या पोथ्या आणि मेलेली जनावरं. तो वास पुढचे कित्येक दिवस शहर सोडणार नाही. आणि सगळीकडे पाणी असून प्यायला पाणी नाही. खडकवासला रिकामा झाला म्हणजे नळ कोरडे. सकाळी बायका घागरी घेऊन निघतात. कुठे? चला त्यांच्या मागून. वाड्यांचे आड, आणि पेठेतला तो हौद. कात्रजचा. ज्याच्या नळांना सगळे विसरले होते, त्याला अजून पाणी आहे. रांगेत उभे राहा, ओंजळ पुढे करा. तोच गारवा. पानिपताहून आलेल्या माणसाने जिथे तोंड धुतलं, ते पाणी दोनशे वर्षांनी पूरग्रस्तांच्या कामाला आलं. पूल बांधणाऱ्याने पाणीही आणलं होतं, हे पुस्तकात एका ओळीत वाचाल तर विसराल. आता विसरणार नाही.

या पुरात घर गेलेली माणसं पत्र्याच्या निसेन हटमध्ये राहिली, मग सहकारी सोसायट्यांत. सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर ही नावं तुम्ही भाड्याच्या खोलीसाठी शोधता. तिथे कित्येक घरांत त्या बुधवारनंतर पुन्हा पहिल्यापासून संसार मांडला गेला. म्हणजे तुम्हाला घर दाखवताना नियमांची यादी वाचणाऱ्या काकूही कधीतरी पत्र्याखाली राहिलेल्या असू शकतात. नियम पाळा.

शेवटची फेरी सोपी आहे. आजच्याच काळात, फक्त महिना बदलू. ज्येष्ठाची अखेर, पालख्या पुण्यात येण्याचा दिवस. आळंदीहून ज्ञानोबांची, देहूहून तुकोबांची. फर्ग्युसन रस्त्याने, खंडोजीबाबा चौकातून त्या याच पुलावर येतात. टाळांचा आवाज आधी पोटात ऐकू येतो, मग कानात. ओल्या सुती कपड्यांचा, बुक्क्याचा, तुळशीचा आणि हजारो चाललेल्या पायांचा वास. तुमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी स्वतःच्या वाटेने पंढरीला निघते, आणि तिची शिस्त बघत तुम्ही लहानाचे मोठे झालात. गर्दी तुम्हाला ढकलत पुलाच्या मधोमध आणते. एक म्हातारी तुमच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावते. तुम्ही दचकून मागे सरता, तर ती हसते आणि दुसऱ्याच्या पाया पडते. “कुठले रे बाबा?” तुम्ही सांगता. “माउली,” ती म्हणते, आणि पुढे जाते. गावाचं नाव तिने ऐकलंही नसेल.

आता कठड्याच्या पाटीवर बघा. या पुलाचं सरकारी नाव छत्रपती संभाजी पूल आहे. ज्यांचं नाव दिलंय त्यांची आजी सिंदखेडराजाची, तुमच्याच जिल्ह्यातली. उजाड झालेल्या या कसब्यात जिजाऊ आल्या, तेव्हा इथे पेठा नव्हत्या, वाडे नव्हते, पूल तर नव्हताच. त्यांनी सोन्याचा नांगर फिरवून गाव वसवलं असं पुणेकर स्वतःच सांगतात, आणि त्यांनी स्थापलेला कसबा गणपती आजही विसर्जनाच्या मिरवणुकीत सर्वांच्या पुढे असतो. पानिपताहून आलेला बारगीर, हिंगण्याला निघालेली मुलगी, मुरूडचे अण्णा, पुरानंतर पत्र्याखाली राहिलेले लोक, हे सगळे या शहरात बाहेरून किंवा पुन्हा पहिल्यापासून आले. त्यांच्याही आधी सिंदखेडराजाची एक बाई आली होती.

तेव्हा पुढच्या वेळी चौकात कोणी ‘तुम्ही तिकडचे का?’ असं विचारलं, तर मान वर करून हो म्हणा. सांगा, बुलढाणा जिल्ह्यातले. तुमचं गाव आमच्याकडच्या बाईने वसवलं. आणि रविवारी अभ्यासिकेला दोन तास सुट्टी देऊन हा पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा सावकाश चाला. परीक्षेत यावर प्रश्न येणार नाही. तरी चाला.